काळ्या बुडाचं टोपलं

लोक म्हणतात, म्हातारपणी सगळ्यांना माफ करून टाकावं, जीव हलका होतो. माझा जीव आहे तसाच बरा आहे. वाशीमच्या एका दुकानदाराला मी माफ केलेलं नाही. तो मरून कितीतरी वर्षं झाली, तरी नाही. त्यानं माझं काय केलं आणि मी त्याचं काय केलं, दोन्ही लिहिते. दुसरं लिहायला जास्त गोडी वाटते, हे आधीच सांगून ठेवते.

मी चार बुकं शिकले. पुढं शाळा नव्हती, लग्न होतं. आसेगावला दिलं. सहा वर्षांत नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी मला गाडीत बसवलं आणि आईकडे पोचवून दिलं. गाडीवानाला सांगितलं होतं, उतरवून लगेच परत ये, बैलांना काम आहे.

आईचं घर वाशीमच्या शिवेवर, भाजीच्या मळ्यात. मळा भावाचा. भावाच्या घरात ताट मिळतं, पण आपल्या हातानं वाढून घेता येत नाही. दुसरी भाकर घेताना कोणी बघतं का, हे बघावं लागतं. म्हणून मी आईचं टोपल्यांचं काम हातात घेतलं.

तेव्हा घराघरात कागदाची टोपली असायची. धान्य पाखडून ठेवायला, पीठ ठेवायला, भाकरी ठेवायला, भाजी बाजारात न्यायला. बहुतेक बायका आपापली करायच्या, पण आईचा हात त्यात बसलेला होता, म्हणून लोक तिच्याकडून करवून घ्यायचे. कागद कचेरीच्या रद्दीतून यायचा. लोकांचे दावे, लोकांच्या जबान्या आम्ही रांजणात भिजवत होतो. मी भिजवायच्या आधी वाचत बसायची. आई म्हणायची, "वाचून रांजन भरते का वं? बुडव ते."

चार-पाच दिवस कागद भिजला की पिळायचा, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटायचा. चिंचोक्याची खळ घालायची. घागर पालथी घालून तिला राख फासायची आणि वरून हा लगदा थापायचा. सावलीत वाळवायचं, मग सोडवून घ्यायचं, आतून लगद्याचा दुसरा हात द्यायचा. शेवटी आई टोपल्याच्या बुडाला आतून, ओलं असतानाच, आपली चार बोटं दाबायची. चार खळगे राहायचे. टोपलं रिकामं झालं की शेवटचे दाणे त्या खळग्यांत गोळा होतात आणि बोटांनी सहज उचलता येतात. आईचं टोपलं म्हणजे चार बोटांचं टोपलं, असं लोक ओळखायचे. तिचे हात थकले तेव्हा तिनं मला सांगितलं, "आता तुही बोटं दाब. पन दाबल्यावर ते टोपलं तुहं. फुटलं तं शिव्या तुले."

मी ते मनावर घेतलं. नवीन टोपली करायच्या आधी मी फुटकी टोपली गोळा करायला लागले. ज्या घरी जाईन त्या घरी विचारायची, फुटलेलं टोपलं आहे का, द्या. बायका हसायच्या. भावजय म्हणायची, नणंदबाई आता उकिरडा घरात आणतील. पण टोपलं कसं फुटतं हे ज्याला माहीत नाही त्यानं टोपलं करू नये. मला चार-सहा महिन्यांत कळलं की शंभरातली निम्मी काठाला फुटतात, कारण बाई घाईत असते आणि भरलेलं टोपलं एका हातानं काठाला धरून उचलते. उरलेली बहुतेक बुडाला जातात, सारवलेल्या ओल्या जमिनीवर ठेवून. थोडी उंदीर खातात, मेथीच्या वासानं. मग मी काठ बोटभर जाड करायला लागले आणि आतून चिंधीची वळी घालायला लागले. बुडाला तीन हात द्यायला लागले. माझं टोपलं जड व्हायचं, पण पडलं तरी नुसतं वाजायचं.

आता तो दुकानदार. वाशीमच्या बाजारात त्याचं दुकान होतं. कंदील, कंदिलाच्या काचा, पत्र्याच्या बादल्या, सुपं, दोऱ्या, आरसे. गोरा, गोड बोलणारा. बाईमाणसाशी बोलताना खाली बघायचा, म्हणून बायकांना तो सज्जन वाटायचा. मलाही वाटला. त्यानं निरोप पाठवला की तुमची टोपली माझ्या दुकानात ठेवू, तुम्हाला दारोदार फिरायला नको. मी वर्षभर त्याला टोपली दिली. चांगली गेली. केनवडच्या बाजारापर्यंत गेली. भावाच्या घरात मी दुसरी भाकर न बघता घ्यायला लागले.

वर्ष झाल्यावर एक दिवस त्यानं मला दुकानात बसवून घेतलं. पाणी दिलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"बाई, तुमचं टोपलं लय जाड होऊन राह्यलं," तो म्हणाला.

"जाड हाये म्हून टिकते, शेटजी."

"तेच म्हणून राह्यलो ना. मागच्या दिवायीले ज्या बाईनं नेलं, तिच्या घरी ते अजून तसंच हाये."

"मंग बरंच हाये की."

तो हसला. माझ्याकडे न बघता त्यानं एक कंदिलाची काच उचलली आणि धोतरानं पुसली. "हे काच पाहा. हे फुटते म्हून माहं दुकान चालते. कंदील एकदा घेते मानूस, काच धा खेप घेते. तुमचं टोपलं पाच वर्सं राह्यलं, तं ते बाई माह्या दुकानात दुसऱ्यांदा कायले येईन? जरा पातळ करा. वरून गेरूचा रंग द्या झकास. एक पावसाळा निंगला म्हंजे बस झालं."

मी म्हटलं, "माही बोटं असतेत त्यात."

"बोटं राहू द्या ना. बोटायले कोन नाई म्हनते?"

मी उठून आले. पाणी तसंच ठेवलं. आईला सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "आता त्याच्या दुकानात कोनाचं टोपलं जाते ते पायत राह्य."

मी पाहिलं नाही. तीच माझी चूक. मला वाटलं, मी नाही दिलं तर त्याच्याकडे नसेल. मी पुन्हा दारोदार फिरायला लागले. आणि पावसाळ्यानंतर, केनवडच्या बाजारात, माझं तोंड काळं झालं.

भाजीच्या गाडीबरोबर मी टोपली घेऊन गेले होते. गोणपाट अंथरून मांडली. तेवढ्यात केनवडचीच एक बाई आली. पन्नाशीची, मोठ्या शेतीची मालकीण, आणि तोंडाची अशी की पाटीलही तिच्या दारावरून जाताना चपला हातात घेत असेल. तिच्या हातात टोपल्याचे दोन तुकडे होते. गेरूचा लाल रंग दिलेले. तिनं ते माझ्या पुढ्यात आपटले.

"हे तुहं?"

मी उचलून पाहिलं. बोटानं दाबलं तर खारीसारखं मोडत होतं. बुडाला चार खळगे होते.

"माहं नाई, आत्या."

"चार बोटं कोनाची मंग? माह्या सासऱ्याची? वाशीमच्या दुकानातून आनलं, तुह्या हातचं म्हून आनलं. पायलीभर जवारी घेऊन उचललं तं बूडच खाली! सारी जवारी चिखलात. चिखलातली जवारी येचून पाह्यली का कधी?"

बाजार गोळा झाला. मी माझी चार बोटं त्या खळग्यांत ठेवून दाखवली. माझी बोटं बसत नव्हती. खळगे बारीक होते, कोण्या पोरीच्या बोटांचे. मी ते सगळ्यांना दाखवत होते, हात वर करून, चोर पकडलेल्या माणसासारखी.

केनवडच्या बाईनं वाकून नीट पाहिलं. मग म्हणाली, "बोटं कोनाचीही असोत वं माय. नाव तुहं होतं, आन् जवारी माही सांडली."

त्या दिवशी माझं एकही टोपलं गेलं नाही. एक म्हातारी तर माझी टोपली ओलांडून गेली, जसा रस्त्यात पडलेला शेणाचा पो ओलांडावा. गाडी परत येईपर्यंत मी त्या टोपल्यांजवळ बसून होते आणि मनात एकच गोष्ट घोकत होते, की त्या दुकानदाराचं दुकान मी बुडवीन. लोकांना नंतर सांगताना मी म्हणायची, नाव परत मिळवायचं होतं. तेही खरं. पण आधी हे खरं.

तो ती पातळ टोपली कोणाकडून करवतो, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी पुढचं केलं असतं का? सांगता येत नाही.

मी दोन महिने टोपलं विकलं नाही. विचार करत राहिले. त्याला माझं टोपलं कशामुळं उतरवून घेता आलं? कारण माझं टोपलं कोणासाठीही होतं. आधी करून ठेवायचं, मग जी येईल तिला द्यायचं. तसं टोपलं कोणीही करू शकतो, चार बोटंही दाबू शकतो. मग मी ठरवलं की टोपलं आधी करायचंच नाही. ज्या बाईला हवं तिनं आपल्या घरातला लुगड्याचा काठ आणायचा. आईच्या लुगड्याचा, लग्नातल्या लुगड्याचा, मेलेल्या लेकीच्या परकराचा, जे तिला फेकवत नसेल ते. तो काठ मी टोपल्याच्या कडेला लगद्यात बसवून शिवणार. आणि चार बोटं तिची. ओलं असताना ती माझ्या अंगणात येणार आणि स्वतः दाबणार.

आई म्हणाली, "मंग ते तुहं कसं राहीन?"

मी म्हटलं, "नसलं तं नसू दे. त्याचं तं होनार नाई."

बुडाचा प्रश्न राहिला होता. ओल. बुडाला मी बाहेरून बिब्ब्याचं तेल द्यायला लागले. बिब्बा म्हणजे काय हे आमच्याकडे लेकराला विचारा. झाडाचं काळं फळ, त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, तोंड सुजतं. पण तेच तेल लाकडाला लावलं तर वाळवी शिवत नाही, पाणी आत जात नाही. कच्चं लावायचं नसतं. आईची रीत अशी होती की तेल चुन्याच्या निवळीत घोटायचं, काडीला चिंधी बांधून लावायचं, हात लावायचा नाही. मग पंधरा दिवस उन्हात, वर पुन्हा चुन्याचा हात, पुसून पुन्हा ऊन. मग ते बूड काळं कुळकुळीत दगडासारखं होतं. गालाला लावा, काही होत नाही.

पहिली दोन-चार टोपली आमच्या शेजारच्या मळ्यांतल्या बायकांनी करवून घेतली, माझी कीव करून. पण मग एक गोष्ट झाली जी मी योजली नव्हती. बायका त्या टोपल्याला जपायला लागल्या. ओल्यात ठेवेनात. कडेचा काठ विटला तर दुसरा घेऊन येऊ लागल्या, तेवढा बदलून द्या म्हणून. एकीचं टोपलं नवऱ्यानं गुरांना पेंड द्यायला घेतलं तर तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. आधी टोपलं फुटलं की उकिरड्यावर जात होतं, आता टोपलं दुखावलं की माझ्याकडे येत होतं. वर्षभरात काळ्या बुडाचं टोपलं सगळ्या भागात गेलं. दुकानदाराची लाल टोपली उन्हात तडकत पडली.

तेव्हा तो आमच्या मळ्यात आला. स्वतः चालत आला. बांधावर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, झालं गेलं इसरून जा. मले मोठा भाऊ समजा."

"मले एक भाऊ हाये, शेटजी. तोच पुरे हाये."

तो हसला. इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच, "ते बूड काय करून राह्यल्या? डांबर हाये का?"

मी काम करत होते. हात थांबवला नाही. तेवढ्या वेळात मी सगळं ठरवलं. मला आठवतं, मी वरसुद्धा बघितलं नाही.

"डांबर कायचं. बिब्बा हाये. बिब्बे फोडाचे, तेल काढाचं, चोपडून द्याचं. झालं."

"बस?"

"बस. तेल वायलं का द्या गिऱ्हाइकाले."

चुना सांगितला नाही. पंधरा दिवस ऊन सांगितलं नाही. त्या एका 'बस'शिवाय खोटं काही बोलले नाही. तो जन्मभर तराजू आणि काचा हाताळलेला माणूस, त्याच्या सात पिढ्यांत कोणी बिब्बा फोडला नसेल. बिब्बा त्याला, दृष्ट लागू नये म्हणून दोऱ्यात ओवून लेकराच्या गळ्यात बांधतात एवढाच माहीत. जाताना तो मला नमस्कार करून गेला. आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "तुनं अर्धं सांगतलं."

"हो."

"बिब्बा आंधया असते, पोरी. ज्यानं माह्या लेकीले फसवलं त्यालेच शोधत जात नाई तो."

मी ऐकलं नाही.

आठवड्यात आमच्या दारात एक पोर आली. तेरा-चौदा वर्षांची, लग्न झालेली, डोक्यावर पदर. दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यांत गुंडाळलेले. एक डोळा सुजून मिटलेला. बरोबर मोलकरीण होती, ती बाहेर थांबली. ही त्या दुकानदाराची सून. तिच्या सासूनं ऐकलं होतं की आईला बिब्ब्याचं औषध माहीत आहे.

आईनं फडकी सोडली. मी हात बघितले. फोड फुटून चिघळले होते, बोटं एकमेकांना चिकटली होती. आईनं खोबरं आणि कोथिंबीर वाटायला घेतली. मला म्हणाली, "तू धर तिचे हात." मुद्दाम मला सांगितलं.

मी धरले. तेव्हा मला ती बोटं ओळखू आली. केनवडच्या बाजारात मी सगळ्यांना दाखवलेले बारीक खळगे याच बोटांचे होते. लाल टोपलीही हीच करत होती, परसात बसून.

तिनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमीच शिकवलं ना मामंजीले?"

"हो."

"तुमाले माईत होतं, असं होते म्हून?"

"माईत होतं."

"मंग पुरं काहून नाई सांगतलं?"

"त्यानं माहं नाव बुडवलं."

आई वाटत होती, पाट्याचा आवाज तेवढा. मग ती पोर म्हणाली, "नाव त्यायनं बुडवलं. मंग हात माहे कायले?"

मी हात धरूनच राहिले. लेप लावून झाला, ती गेली. वाईट वाटलं का? तिचं वाटलं. त्याचं वाटलं नाही. उलट त्याचा राग दुप्पट झाला, की आपल्या दुकानासाठी आपला हात घालायचीही या माणसाची तयारी नाही.

पण आईचं म्हणणं पुरतं खरं व्हायचं होतं. दुकानात पडून असलेल्या पन्नासेक टोपल्यांना त्या पोरीनं बिब्बा चोपडला होता, ती बाजारात गेलीच होती. बायका टोपलं डोक्यावर नेतात. खाली चुंबळ असली तरी घाम येतो, घामानं कच्चा बिब्बा सुटतो आणि कपाळावर ओघळतो. केनवडच्या त्या बाईनं, माझ्याकडे कशाला जायचं म्हणून, दुकानातूनच काळ्या बुडाचं टोपलं नेलं होतं. पुढच्या बाजारात ती आली तेव्हा तिचं कपाळ भोपळ्यासारखं फुगलं होतं आणि भिवया दिसत नव्हत्या. तिच्या मागं आणखी चार-पाच जणी तशाच.

"काया बुडाचं टोपलं कोनीच घेऊ नका!" ती ओरडत होती. "हे बाई जादू करते का जहर करते, देव जाने!"

दुकानदाराचं नाव कोणी घेत नव्हतं. काळं बूड म्हणजे मी. मी लावलेला बिब्बा फिरून माझ्याच कपाळावर आला होता. ज्यांच्या घरी माझी चांगली टोपली होती त्यांनीही ती अंगणात काढून ठेवली. एकीनं तर आणून माझ्या दारात ठेवलं. तिच्या आईच्या लुगड्याचा काठ मात्र उसवून घेतला होता.

मी रात्रभर रडले वगैरे लिहिणार नाही, कारण रडले नाही. पुढच्या केनवडच्या बाजारी गेले आणि सरळ त्या बाईच्या पुढ्यात उभी राहिले. बरोबर माझं एक टोपलं नेलं होतं. त्याचं काळं बूड मी सुरीनं कापलं, तळहाताएवढा तुकडा केला आणि काळी बाजू आत करून माझ्या दंडावर ठेवला.

"बांध," मी म्हटलं.

"काय?"

"तुह्या हातानं बांध, आत्या. तुही गाठ. आठ दिवस सोडत नाई. मळ्यात मोट चालू हाये, घाम येईन, पानी लागीन. पुढच्या बाजारी तूच सोड. उतलं असन तं मी टोपलं करनं सोडीन. भावाच्या घरी भांडे घासीन."

मग तिनं आपल्या पदराची चिंधी फाडली आणि बांधली. अशी आवळली की बोटं काळी-निळी झाली.

आठ दिवस मी सगळी कामं केली. पाण्याची दारं धरली, भाजी खुडली. गाठीखाली खाज सुटायची तेव्हा मनात यायचं, आपला चुना कमी पडला असेल का, ऊन एखादा दिवस कमी दिलं असेल का. आपल्या हाताच्या कामावर आपणच संशय घेणं यासारखी शिक्षा नाही. भावजय रोज विचारायची, "खाजते का?" मी म्हणायची, "नाई."

बाजारी तिनं गाठ सोडली. माणसं एवढी होती की केळीवाल्याची केळी तुडवली गेली. तुकडा निघाला. खाली माझी कातडी, घामानं पांढरी पडलेली, आणि गाठीचा वळ. फोड एक नाही.

तिनं बोटानं चोळून पाहिलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. "मंग माहं कपाय काहून उतलं?"

"दुकानदारानं कच्चा बिब्बा लावला. चुना नाई, ऊन नाई. त्याले अर्धी रीत माईत होती."

"अर्धी कोनं शिकवली?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. बाजार माझ्या बाजूचा झाला होता.

"मीनं," मी म्हटलं. "मुद्दाम."

तिनं माझ्या तोंडात एक ठेवून दिली. शेतकरणीचा हात. कानात आठ दिवस शिट्टी वाजत होती. मग ती म्हणाली, "हे माह्या कपायाची होती." आणि कमरेची पिशवी सोडून आतून एक जुना हिरवा काठ काढला. "हा माह्या मायच्या लुगड्याचा हाये. मोठं कर टोपलं. आन् आता मी चालली वाशीमले. कोन कोन येते?"

तिच्याबरोबर दोन गाड्या भरून बायका गेल्या. मी नाही गेले, पण सगळं ऐकलं. सगळी टोपली त्याच्या दुकानाच्या पायरीवर ओतली. त्याला अशा शिव्या दिल्या की तीन दुकानं पलीकडचा सोनारही फळ्या लावून बसला. त्या दिवसापासून बाईमाणूस त्याच्या दुकानात कंदिलाची काच घ्यायलाही गेलं नाही.

आणि त्यानं काय केलं? ती टोपली परसात ढीग करून पेटवली, कोणाला दिसू नयेत म्हणून. बिब्ब्याचा धूर अंगावर घेऊ नये, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. काडी लावून तो समोरच उभा राहिला, पुरं जळतं की नाही बघत. मग बारा दिवस त्याचे डोळे उघडले नाहीत. सून त्याला हाताला धरून परसात नेत होती. हे मला कळलं तेव्हा मी पाट्यावर मिरची वाटत होते. मी पुन्हा एकदा सांगायला लावलं.

एवढ्यावर माझं पोट भरलं होतं. पण दोन महिन्यांनी ती सून आली. हात बरे झाले होते, कातडी गुलाबी, ठिकठिकाणी डाग. तिनं पदराखालून तिच्या लग्नातल्या लुगड्याचा जरीचा काठ काढला.

"मले टोपलं करून द्या. भाकरी ठेवाचं. आन् असं करा का मामंजी हायेत तोवर फुटलं नाई पायजे."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मला ते फार आवडलं.

त्या टोपल्याला मी पाच हात दिले. लगदा दोनदा कुटला. काठात वेताची काडी घातली. बूड महिनाभर उन्हात ठेवलं. चुना कसा, किती, केव्हा, सगळं तिला समोर बसवून शिकवलं, पुरतं. शेवटी तिनं तिची चार बोटं दाबली. त्या बदल्यात मी तिच्याकडून काही घेतलं नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

त्या दिवसापासून दुकानदाराची भाकर त्या टोपल्यात आली. सकाळ, संध्याकाळ. सून बाजारात भेटली की सांगायची. सासरा म्हणतो, ताटात वाढ. ती म्हणते, टोपल्यात नरम राहते, मामंजी. एकदा ते त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडलं. पुढं एकदा निसटलं नाही, तरी पाडलं. एकदा ओट्यावरून अंगणात फेकलं. ते वाजलं आणि गडगडत जाऊन तुळशीपाशी थांबलं. सुनेनं पुसून त्यात भाकर ठेवली. मोठी लढाई लागली, कागद मिळेनासा झाला, लोक जुनी टोपली तुपासारखी जपायला लागले, आणि त्याच्या घरातलं टोपलं तर आता फेकायचीही सोय राहिली नाही. त्याच्या हातात विकायला काचाही उरल्या नव्हत्या.

लढाई संपल्यावर तो मेला. मी तेराव्याला गेले. सून आता घरची कर्ती झाली होती, दोन पोरांची आई. तिनं मला आत नेलं आणि फडताळातून टोपलं काढून दाखवलं. काठाची जर गेली होती. बूड तसंच. तिनं सवयीनं आपली चार बोटं त्या खळग्यांत ठेवली. बोटं आता मोठी झाली होती, बसत नव्हती.

"दुसरं करून देऊ का?" मी विचारलं.

"कायले?" ती म्हणाली. "हे फुटलं कुठी?"